लंडनहून एका दिवसात: पॅरिस की ब्रुसेल्स?

लेकीकडे लंडनला गेलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आईवडिलांसाठी हे दोन्ही पर्याय आहेत. दोन्हीकडे जाणारी युरोस्टार रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातूनच सुटते. पॅरिसला सुमारे सव्वादोन तास, ब्रुसेल्सला साधारण दोन. ब्रिटिश व्हिसा तिकडे चालत नाही. शेंगेन व्हिसा (फ्रान्स, बेल्जियमसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) निघण्याआधी भारतातच काढा. फ्रेंच पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, म्हणून दीड तास आधी पोचा. ऐनवेळी गेलात तर गेट बंद. घड्याळही 1 तास पुढे जातं, म्हणजे सकाळ आणखी आखडते.

पॅरिसला गार द्यू नोर स्टेशनातून आरईआर बी या लोकल गाडीने दुसरंच स्टेशन सेंट-मिशेल. उतरलं की नोत्र दाम हे जुनं चर्च समोर. मंगळवारी लूव्र संग्रहालय बंद असतं. आयफेल आणि लूव्र एकाच दिवशी आतून बघायचं म्हटलं तर रांगेतच संध्याकाळ होते. एकच निवडा. गुडघे कुरकुरत असतील तर ब्रुसेल्सच बरं: मिडी स्टेशनातून सेंट्रलला गाडीने पाचेक मिनिटं, पुढे ग्रां प्लास चौक चालत. शाकाहारींनी एवढंच जपावं, तिथले बटाट्याचे फ्राइज बहुधा गाईच्या चरबीत तळतात, आधी विचारा.

आणि कुंदा लंडनलाच ठेवा. दुधाचे पदार्थ ब्रिटनमधून युरोपीय संघात नेता येत नाहीत.