ओट्याच्या कडेला सिलिकॉन: मास्किंग टेप की साबणाचं बोट?

ओटा, बेसिन आणि भिंत यांच्यातली फट बुजवायला सिलिकॉन (रबरासारखा घट्ट होणारा मसाला) भरतात. त्याची रेघ कशी सारखी करायची, हे ठरवण्याआधी तुमची फट कशाकशात आहे ते बघा. आमच्याकडं मराठवाड्यात ओटा बहुधा कडप्प्याचा नाहीतर ग्रॅनाइटचा, जुन्या न्हाणीत शहाबादी फरशी आणि भिंतीला ग्लेझ्ड टाइल. पद्धत ठरते ती यावरून.

भिंत आणि बेसिन दोन्ही गुळगुळीत असतील तर साबणाचं बोट उत्तम. सिलिकॉन मारलं की भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एका दमात फिरवायचं. सिलिकॉन बोटाला चिकटत नाही, खर्च शून्य. पण साबणाचं पाणी पुढच्या कोऱ्या फटीत गेलं, तर तिथं सिलिकॉन धरणार नाही. शहाबादी फरशी खडबडीत आणि पाणी पिणारी असते. तिथं ही पद्धत नकोच; बोटानं पसरलेलं सिलिकॉन दगडाच्या बारीक खड्ड्यांत बसतं आणि मग ते काही केल्या निघत नाही.

अशा दगडावर, आणि सिलिकॉनची नळी दाबायची गन पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यानं कुठंही, मास्किंग टेपच (रंगकामाची कागदी चिकटपट्टी) लावावी. वेळ दुप्पट लागतो, तरी मी हीच सुचवीन. फटीच्या दोन्ही बाजूंना २-३ मिलिमीटर जागा सोडून टेप दाबून बसवा. त्याआधी धूळ ओल्या फडक्यानं पुसून दगड पूर्ण वाळू द्या, नाहीतर टेपखालून सिलिकॉन शिरतं. नळीचं टोक (नोझल) तिरकं कापा, छिद्र फटीपेक्षा मोठं नको. सिलिकॉन मारून सारखं केलं की टेप लगेच काढायची, फटीपासून बाहेरच्या बाजूला तिरकी ओढत. वर साय धरल्यावर टेप ओढली तर कड फाटते, आणि ही साय साधारण ५ ते १५ मिनिटांत धरते. म्हणून एका वेळी हातभर लांबीच घ्या.

सिलिकॉन सारखं करायला दुकानात मिळणारी प्लास्टिकची पट्टी लांब, सरळ फटीला बरी. कोपऱ्यात अडखळते.

पद्धत कुठलीही असो, नळी निवडताना चुकू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन स्वस्त असतं, पण त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे चुन्याचे दगड. ॲसिडनं त्यांचा पृष्ठभाग खराब होतो आणि पकड सुटते. तिथं न्यूट्रल, म्हणजे ॲसिड न सोडणारं सिलिकॉनच मागा. टाइल-काचेला वासाचं चालतं.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं, दिवसाला जेमतेम २-३ मिलिमीटर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आतून वाळायला आणखी वेळ लागतो. नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येत असेल, तर पाणी भरून झाल्यावरच्या दिवशी काम काढा, म्हणजे धुण्याभांड्यांची गर्दी होण्याआधी सांधा पक्का झालेला असेल.