विमानतळाजवळच्या नव्या हॉटेलात दोन रात्री: एका हाउसकीपिंगवालीचा अनुभव

भाचीच्या लग्नासाठी आम्ही ठाण्याहून अकरा जण पनवेलकडे गेलो होतो. सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांची मावशी, म्हणून ठाणे-पनवेल लोकलने रोज जा-ये करण्यापेक्षा दोन रात्री तिथेच राहायचं ठरलं. हॉटेलचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर वरच्या साहेबांना झळ लागणार नाही, चौथ्या मजल्यावर खोल्या करणाऱ्या मुलीची मात्र दुसऱ्या दिवशी चौकशी होईल. नव्या नवी मुंबई विमानतळाजवळचा, पनवेल आणि उलव्याच्या मधला पट्टा, एवढं पुरे.

मी सव्वीस वर्षं हॉटेलांत हाउसकीपिंग केलं. १९९३ साली रूम अटेंडंट म्हणून लागले आणि फ्लोअर सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे आधी खोलीबद्दलच सांगते.

खोली ६,८०० रुपये, वर ५ टक्के जीएसटी. साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर आधी १२ टक्के लागायचा, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. म्हणजे एका रात्रीमागे आमचे ४७६ रुपये वाचले. गादी चांगली घट्ट. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले, उशीचे अभ्रे कडक इस्त्रीचे. बाथरूममध्ये मी सगळ्यात आधी सिंकच्या खाली आणि दाराच्या मागे बघते. दोन्ही कोरडं आणि लख्ख. मोरीची जाळी उचलून पाहिली, एक केस नाही. मन भरून आलं, कारण हे शिकवलेल्या हाताचं काम आहे.

मग उणिवा दिसल्या. किटलीच्या तळाला पांढरा थर. एसीच्या जाळीवर बोटभर धूळ. तिघांच्या खोलीत टॉवेल दोनच. पाहुण्याला वाटेल की साफ करणारीने टाळाटाळ केली. पण आळशी हात कोपऱ्यांत कळतो, आणि इथे कोपरे चकाचक होते. राहिलं होतं ते आठवड्यातून एकदा करायचं काम, किटलीचा क्षार, जाळीची धूळ, पडद्याची वरची पट्टी. ते राहतं तेव्हा माणसं कमी आहेत असं समजावं. टॉवेल कमी पडतात तेव्हा हॉटेलने चादरी-टॉवेलच कमी घेतलेले असतात. एक जोड खोलीत, एक लाँड्रीत आणि एक कपाटात, असे निदान तीन जोड लागतात. तेवढे नसतील तर खोली झाडूनपुसून तयार असते आणि चादरीची वाट बघत बसावं लागतं.

आमचंही तेच झालं. चेक-इन दोनचं, किल्ल्या मिळाल्या चार वाजून वीस मिनिटांनी. तेवढा वेळ मावशी लॉबीतल्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. रिसेप्शनवरची मुलं नम्र होती, पाणी आणि सरबत दोनदा आणून दिलं. आमच्यातले दोघेतिघे त्यांच्यावर ओरडले, ते मला आवडलं नाही. उशीर त्यांच्या हातात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली करायला आलेल्या मुलीला मी विचारलं, "किती खोल्या आहेत गं आज?" म्हणाली, "सोळा, काकू. काल सतरा होत्या." मुहूर्ताचा दिवस, त्यात निम्म्याहून जास्त चेकआउट. चेकआउटची खोली नीट करायला चाळीस मिनिटं लागतात, राहत्या पाहुण्याच्या खोलीला वीस-पंचवीस. सरासरी अर्धा तास धरला तरी सोळा खोल्यांचे आठ तास होतात. त्यात ट्रॉली भरणं नाही, लिफ्टची वाट बघणं नाही, घोटभर पाणी पिणंही नाही. आमच्या वेळी चौदा खोल्यांच्या वर एक जरी दिली तरी युनियनचा माणूस येऊन उभा राहायचा.

ती चादर ओढत होती, मी दुसरं टोक धरलं. नको नको म्हणाली, मग धरू दिलं. मूळची कोंबडभुज्याकडची. विमानतळाला जागा गेली, घर करंजाड्याला आलं. आजी खाडीत निवट्या-चिंबोऱ्या धरायची. ही बारावी झाली, तीन महिन्यांचा कोर्स केला, आणि घरातली पहिली मुलगी पगारावर लागली. हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता, आणि त्या आनंदाला मी अजिबात कमी लेखत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं सुटू लागली, आणि या पट्ट्यातल्या पोरापोरींना खरंच कामं मिळाली. वर्षानुवर्षं ज्यांना फक्त आश्वासनं मिळाली, त्यांच्या घरात महिन्याच्या महिन्याला पैसे येऊ लागले. चांगलं झालं.

पण काम कसलं मिळालं? ती हॉटेलच्या नव्हे, एजन्सीच्या पगारावर आहे. ड्युटी बारा तासांची, हातात चौदा हजार. नेमणुकीचं पत्र नाही. पीएफ कापतात म्हणते, पण यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, तिला कुणी दिलेला नाही. ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचं, कार्ड "येणार आहे". सुट्टी आठवड्याची, पण मुहूर्त असला की रद्द.

मी तिला पलंगाच्या कडेवर बसवून सांगितलं, तेच इथे लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात अशी मुलगी असेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं आहे आणि जादा तासांचा पैसा दुप्पट दराने. पगारातून पीएफ कापला तर मालकानेही आपला वाटा भरायचा असतो. ठेकेदाराने भरला नाही तर ज्याच्याकडे आपण राबतो तो मुख्य मालक सुटत नाही. तिने हे सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. मग दाराकडे बघत म्हणाली, "पण काकू, बोलले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या शेजारच्या मुलाचं वेगळंच. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे १८, १९ आणि २१ तारखेला कार्यक्रम झाले, तेव्हा नवी मुंबईतल्या हॉटेलांचे दर आभाळाला भिडले होते. त्याला एका हॉटेलच्या बँक्वेटमध्ये, म्हणजे समारंभाच्या हॉलमध्ये, कॅज्युअल म्हणून, तात्पुरत्या कामाला बोलावलं, काळी पँट आणि बूट स्वतःचे आणायला लावले, आणि कार्यक्रम संपले तसं काम संपलं. २ नोव्हेंबरला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला, तेव्हा पुन्हा फोन. मोजणाऱ्याच्या वहीत तो नोकरीवाला असेल. त्याची आई अजून त्याच्यासाठी नोकरी शोधते आहे.

जेवणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळचे कांदेपोहे मऊ आणि चवीचे, मिसळीचा कट पातळ. समुद्र आणि खाडी हाकेवर असताना जेवणात मासा म्हणून फक्त बासा मिळावा, याचं वाईट वाटलं. याच आळीतल्या कोळणींकडून बोंबील-कोळंबी घेतली तर पाहुण्यालाही चव कळेल आणि त्यांच्याही हाती दोन पैसे पडतील.

रात्रीच्या बिलात मात्र १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला होता. तो असा परस्पर लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तसं सांगितलं आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम केलं. मी वाढणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, यातलं तुम्हाला किती मिळतं? त्याने नकारार्थी मान हलवली. आमच्या हॉटेलात त्या पैशांचे पॉइंट पाडून भांडी घासणाऱ्यापर्यंत वाटणी व्हायची, महिनाअखेरीला त्याच पैशांवर माझ्या मुलाची फी भरली आहे. मी चार्ज काढायला लावला, कुरकुर न करता काढला, आणि तेवढेच पैसे त्या मुलाच्या हातात दिले. तुम्ही गेलात तर आधी विचारा, मग काय ते ठरवा.

खोलीला माझे साडेचार तारे, वागणुकीला पाच, जेवणाला तीन. हॉटेल चालवणाऱ्यांना दोन, आणि तेही गादी चांगली घेतली म्हणून. फीडबॅकच्या कागदावर मी लिहिलं की मजल्यावर आणखी दोन मुली घ्या, चादरी-टॉवेलांचा एक जोड वाढवा, आणि आहेत त्यांना पत्र द्या. मॅनेजरसाहेबांनी वाचून "नक्की मॅडम" म्हटलं.

निघायच्या दिवशी मी पहाटे उठले. दोन्ही पलंगांच्या चादरी काढल्या, अभ्रे उलटे करून त्यात टॉवेल भरले, कचरा एका पिशवीत बांधला, किटली लिंबू पिळून उकळली. तिचा दहा मिनिटांचा वेळ वाचला असेल. साडेआठला ती ट्रॉली ढकलत आली, हातातल्या यादीवर त्या दिवशी सतरा खोल्या होत्या. आमची तिने पहिली खूण करून टाकली.