ऋषीची भाजी: अख्खा वाटा, चिरलेली पिशवी की शिजवलेला डबा?

गणपतीचा दुसरा दिवस म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी, ऋषिपंचमी. आदल्या दिवशी मोदक झालेले असतात आणि त्याच घरात या दिवशी फोडणी नाही, मसाला नाही, कांदा-लसूण नाही अशी भाजी रटरटत असते. नियम एकच, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य त्यामुळे बाद होतं. परसात, कुंपणाला, मांडवावर आलेलं चालतं. सोबत वरीचे तांदूळ किंवा मिळाला तर देवभात, म्हणजे न नांगरता-पेरता आपसूक उगवणारा तांदूळ. दीड दिवसाचा गणपती असेल तर निघण्याआधी त्यालाही हाच नैवेद्य.

परस उरलं नाही तशी ही भाजी बाजारातून यायला लागली. दादर पश्चिम, गिरगाव, पार्ले, ठाण्याचा जांभळी नाका, पुण्याची मंडई, कुठेही गेलात तरी चतुर्थीच्या दुपारपासून ती तीन रूपांत दिसते. भाव तासातासाला बदलतो, म्हणून इथे फक्त मालाबद्दल.

अख्खा वाटा सर्वात उत्तम. अळूची जुडी, सुरणाची फोड, लाल माठाचे जाड देठ, दोन कणसं, शिराळं, पडवळाचा तुकडा, भोपळ्याची फाक, मूठभर भेंडी, ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणि नशीब असेल तर अंबाडे, एवढं एका वाट्यात येतं. घेताना नख वापरा. माठाच्या देठात नख सहज रुतलं तर देठ कोवळा, नाहीतर तासभर शिजवूनही चोथाच चघळावा लागेल. कणसाच्या दाण्यातून दूध आलं पाहिजे. अळू भाजीचं, म्हणजे हिरव्या देठाचं मागा. वडीचं जाड पान नीट मिळून येत नाही. शिराळ्याची चकती घरी चाखून पाहा. कडू लागली तर अख्खं शिराळं फेकून द्या, कारण एका कडू शिराळ्याने पातेलंभर भाजी जाते. या वाट्याला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो वाट्याखाली दडवलेल्या जून भेंडीसाठी. वाटा उलटा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

चिरलेली पिशवी किंवा प्लॅस्टिक गुंडाळलेला ट्रे हा वेळ नसलेल्यांचा आधार आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण माल बेभरवशाचा. सगळ्या फोडी एकाच मापाच्या आणि एकत्र असतात. सुरण आणि कणीस शिजेपर्यंत भोपळ्याचं पीठ होतं. चिरलेली भेंडी ओल्या अळूला लागून तार धरते. माठाचे देठ बहुतेक वेळा न सोलताच तुकडे केलेले. शिवाय वजन भरायला गाजर, मटार, फरसबी, बटाटा घातलेला दिसतो. मटार-बटाटा घातला की ती मिक्स भाजी झाली, ऋषीची नव्हे. घ्यायचीच तर पंचमीच्या सकाळी ताजी चिरलेली घ्या. ट्रेच्या तळाला पाणी साचलं असेल तर हात लावू नका. घरी आल्यावर आधी सुरण, कणीस, माठ वेगळे काढा, तेवढ्यानेही भाजी बरीच सुधारते. पाचपैकी अडीच.

पोळी-भाजी केंद्रातला शिजवलेला डबा मागवण्याआधी दोन प्रश्न विचारा: फोडणी असते का, आणि गूळ किती? बऱ्याच ठिकाणी तेलाची फोडणी पडते आणि गुळाने चव अळूच्या फदफद्याकडे जाते. चवीला ती वाईट नसते, पण पंचमीच्या पानाची नसते. म्हाताऱ्या माणसांच्या घरी, करणारं कुणी नसताना, चौकशी करून जरूर घ्यावी.

वाटा आणला तर सहा जणांसाठी सोललेली-चिरलेली सव्वा किलो भाजी पुरते. हात कोरडे ठेवून, तेलाचं बोट लावून अळू आणि सुरण चिरा. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच हाताला आणि घशाला खाजतात. सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यात अर्धा तास ठेवून ते पाणी फेका. जाड बुडाच्या पातेल्यात अळूची पानं, सोललेले देठ, सुरण, माठ, कणसाचे तुकडे आणि अर्धी वाटी ओले दाणे दोन वाट्या पाण्यात झाकून वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. अळू पुरतं विरघळलं पाहिजे, इथे घाई केली की खाज राहतेच. मग भोपळा, पडवळ, शिराळं आणि चार-पाच मोडलेल्या हिरव्या मिरच्या. दहा मिनिटांनी अर्ध्या लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, त्यामागून भेंडी आणि मीठ. कोळ आधी घातला तर आंबटाने फोडी दडस राहतात, आणि भेंडी कोळाआधी गेली तर चिकट होते. भेंडी शिजली की पाऊण वाटी ओलं खोबरं घालून एक वाफ. काही घरांत वरून चमचाभर तूप चालतं, काहींत तेही नाही. ज्या घरची जी रीत.

गोव्याच्या खतखत्याशी हिची गल्लत नको. त्यात तूरडाळ, तिरफळं आणि खोबऱ्याचं वाटण असतं. विक्रेता 'दोन्हीला चालेल' म्हणून जो वाटा देतो, त्यात अळू नावापुरतं असतं. तसं असेल तर अळूची एक जुडी वेगळी घ्या, कारण या भाजीला दाटपणा येतो तो अळूनेच.

परदेशात राहणाऱ्यांना इंडियन स्टोअरमधला गोठवलेला सुरण चालतो. तो पूर्ण वितळू न देता तसाच पहिल्या खेपेत टाका, नाहीतर फोडी फुटतात. ताजं अळू मिळालं नाही तर पालक घालून वेळ भागवता येते, मात्र पालक शेवटच्या पाच मिनिटांत घाला आणि चिंच निम्मी करा.