मेंदूज्वरानंतरचा एमआरआय: जुन्या सीड्या बघणारं सेंटर

2019 च्या पावसाळ्यात आईला हर्पीसच्या विषाणूमुळे मेंदूज्वर झाला. चार दिवस ताप होता, मग ती मला मावशीच्या नावाने हाका मारायला लागली. पाठीतलं पाणी तपासलं, 21 दिवस शिरेतून एसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध दिलं, आणि ती घरी आली. गेल्या महिन्यात या सेंटरमध्ये तिचा चौथा एमआरआय केला.

तिसरा दुसरीकडे केला होता. तिथे जुनी सीडी काउंटरवरूनच परत मिळाली, "लागत नाही" म्हणून. रिपोर्टमध्ये डाव्या टेम्पोरल लोबमध्ये (कानाजवळचा मेंदूचा भाग) जुने बदल, एवढं एकच वाक्य. ते बदल वाढलेत की आहेत तेवढेच आहेत, हे कुठेच नाही. मला फार राग आला होता.

इथे नाव नोंदवतानाच सगळ्या सीड्या मागितल्या. आई दर पाच मिनिटांनी विचारायची, "आपण इथे का आलोय गं?" टेक्निशियन ताई दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायच्या, "काकू, डोक्याचा फोटो काढायचाय, आवाज येईल, घाबरू नका." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नंतर रेडिऑलॉजिस्ट डॉक्टरांनी मला आत बोलावून चारही स्कॅन शेजारी शेजारी लावले. पहिल्यातला पांढरा भाग म्हणजे सूज. आत्ताच्यातही पांढरं दिसत होतं, माझ्या पोटात गोळाच आला. पण हा पांढरा वेगळा, तो सूज गेल्यावर मागे राहिलेला व्रण. मधली काळी जागा म्हणजे मेंदूचा जो भाग गेला तिथे भरलेलं पाणी. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला छोटा भाग, दोन्ही बाजूंना एकेक; त्याच्यासाठी त्यांनी स्कॅनमध्ये मुद्दाम पातळ कापांचे फोटो घेतले होते. डावा उजव्यापेक्षा स्पष्ट बारीक झालाय. नवीन आठवण साठवायचं काम तिथलं. आईला तिच्या शाळेतल्या बाईंचं नाव आठवतं आणि सकाळचा चहा आठवत नाही, ते का, हे मला इतक्या वर्षांनी डोळ्यांनी दिसलं.

दुसऱ्या आणि चौथ्या स्कॅनमध्ये व्रण तेवढाच आहे, नवीन काही नाही, असं रिपोर्टमध्ये तारखांसकट लिहून दिलंय. आमच्या न्यूरॉलॉजिस्टना हेच हवं होतं, कारण या आजारानंतर काही जणांत शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, आणि फिट्स तर पुढे कितीतरी वर्षांनीही येऊ शकतात.

वेळ मात्र पाळत नाहीत. 9 ची अपॉइंटमेंट, नंबर सव्वाअकराला. अशा पेशंटला तेवढा वेळ बसवून ठेवणं फार अवघड जातं, याचा त्यांनी विचार करायला हवा. रिपोर्टही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला.

जाणार असाल तर अगदी पहिल्या दिवसाच्या फिल्मपासून सगळं पिशवीत घालून न्या, आणि डॉक्टरांना भेटायचंय असं आधीच सांगून ठेवा. मी विचारलं म्हणून त्यांनी दाखवलं.