कॅनडाच्या व्हिसासाठी जळगावचा एजंट केला होता, त्याचा अनुभव (पाचातले दोन स्टार)

नाव टाकत नाही, ओळखीतून गेलो होतो, उद्या लग्नात पंगतीला शेजारी बसायचा. पण आपल्या फैजपूर-सावद्याकडचे बरेच जण आता पोरांकडे नातवंडं सांभाळायला जाऊन राहिले म्हणून लिहितो.

आमची मुलगी टोरांटोजवळ असते, पीआर आहे, म्हणजे तिथं कायम राहायची परवानगी. तिचं लग्न मोडलं आणि तीन वर्षांचा नातू तिच्याजवळ राहिला. हॉस्पिटलात शिफ्टची नोकरी, रात्रपाळी आली की पोराला ठेवायचं कुठं, डेकेअर काय रात्री उघडं नसतं. म्हटलं आपण दोघं जाऊ. मी रिटायर, केळी पुतण्या पाहतोच. ही लगेच हाव म्हणाली, बिबडे कुरडया डब्यात भरायला पण लागली.

एजंट पहिल्या दिवशी म्हणे, काका नातू तिथला सिटिझन आहे ना, मग त्याच्या नावावर बोलावून घेऊ. आता मला काय कळतं, मी खूश. नंतर मुलीनं सरकारी साइट वाचली तर बोलावणारा कमीत कमी 18 वर्षांचा लागतो, आमचा तर अजून बूट उलटे घालतो.

मग म्हणे साधा व्हिजिटर काढा, सोपा आहे. सोपा आहे पण एका वेळी साधारण सहाच महिने राहता येतं, दर सहा महिन्यांनी मुदत वाढवा नाहीतर परत या, असं पोरगं मोठं होतं का? आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा म्हणून वेगळाच प्रकार आहे, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, हे ह्या माणसानं तिसऱ्या भेटीत सांगितलं, ते पण मुलीनं फोनवर विचारल्यावर.

खरा घोळ इन्कमचा झाला, घरात जितकी माणसं त्या हिशोबानं बोलावणाऱ्याची कमीत कमी कमाई लागते, त्याचा तक्ता असतो. मुलीचा पगार बघून हा म्हणे आरामात बसतं, दोनच माणसं आहेत घरात. बाप्पा, तिथला हिशोब तसा नाही! ज्यांना बोलावताय ती माणसं पण घरात धरतात. मुलगी, नातू, मी आणि ही, म्हणजे चार, आणि चार माणसांच्या तक्त्यात एकटीचा पगार थोडक्यात कमी पडत होता. नवरा असता तर त्याचा पगार जोडता आला असता, तो विषयच संपलेला. एकच जण गेला तर तीन माणसं, मग बसत होतं. शेवटी हिचाच फॉर्म भरला. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी माझ्यासाठी स्वेटर तरी घेतला नसता.

इन्शुरन्सचं पण तेच. कमीत कमी 1 लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा, आणि पैसे भरलेली पॉलिसी लागते, हप्ता चालतो पण पहिली रक्कम भरलेली पाहिजे. ह्यानं फाइलला नुसतं कोटेशन लावून ठेवलं होतं. मुलीनं पकडलं म्हणून, नाहीतर रिजेक्टच झाला असता. अजून एक, पासपोर्ट संपायला आला असेल तर आधी नवा काढा, व्हिसा दहा वर्षांपर्यंत मिळू शकतो पण पासपोर्टच्या पुढे जात नाही. हे पण आमचं आम्हीच शोधलं.

चांगलं पण सांगतो. फॉर्म स्वच्छ भरला, इंग्रजी पत्र नीट लिहून दिलं, मुंबईच्या मेडिकलची अपॉइंटमेंट घेऊन दिली, रात्री अमरावती एक्सप्रेसने गेलो आणि काम करून परत. ऑफिसातली मुलगी फार गुणाची, हिला बोटांचे ठसे कसे देतात ते समजावून सांगायची. दोन स्टार तिचेच.

पण लॉटरीचं विसरत नाही. आई-वडिलांच्या पीआरच्या लॉटरीत नाव टाकतो म्हणून 15 हजार वेगळे घेतले. ती नावं 2020 मध्ये घेतली होती आणि 2024 ला सुद्धा त्याच जुन्या यादीतून लोकांना बोलावलं, नवीन नाव टाकायला जागाच नव्हती. मग माझं नाव टाकलं कशात, भरताच्या वांग्यात?

ही आता तिथं आहे. नातवाला घेऊन मधे इकडे यायचं म्हणते तर आता त्याचेच कागद, भारतात यायला त्याला व्हिसा नाहीतर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड), आणि लहान पोराच्या ओसीआयला बापाची सही किंवा कोर्टाचा कस्टडीचा कागद मागतात. हे काम एजंटला दिलेलं नाही, मुलगीच बघते.

15 हजाराचं विचारायला गेलो की साहेब मुंबईला गेलेत. मागच्या गुरुवारी पण मुंबईलाच होते, गाडी मात्र ऑफिसखाली उभी होती.