फ्लॉइड रोज स्पेशल: बडोद्यात बसवायचा असेल तर

फ्लॉइड रोज स्पेशल हा इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा अडकवायचा, दांडीने हलवता येणारा भाग. ज्या गिटारला आधीपासून फ्लॉइडचा खड्डा आहे आणि मूळचा नकली ब्रिज सूर धरत नाही, तिच्यासाठी तो पैशाला पुरेपूर उतरतो. साधी स्ट्रॅट (फेंडरच्या धाटणीची गिटार) खणून तो बसवायचा असेल, तर ब्रिजपेक्षा खणणाऱ्याच्या हाताची चौकशी आधी करा. दुकानात किंवा ऑनलाइन फोटो बघून हा फरक कळत नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

फ्लॉइड रोज यांना या रचनेचं पेटंट १९७९ साली मिळालं. कल्पना एका वाक्यात मावते: तार नटपाशी (नेकच्या डोक्याकडच्या टोकाला ती टेकते तिथे) आणि सॅडलमध्ये (ब्रिजवर ती टेकते तिथे) अशी दोन्हीकडे आवळून टाकायची, म्हणजे दांडी कितीही दाबली-ओढली तरी ती सरकायला जागा राहत नाही. नट एकदा आवळला की डोक्यावरच्या खुंट्यांचा उपयोग संपतो. म्हणून मागे बारीक सुरासाठी सहा फाइन ट्यूनर आले. महागड्या ओरिजिनल मॉडेलमध्ये ब्रिजखाली बॉडीत उतरणारा ठोकळा पितळेचा आणि सॅडल कठीण केलेल्या पोलादाचे असतात. स्पेशलमध्ये हे दोन्ही झिंक मिश्रधातूचे आहेत. किमतीतला फरक मुख्यतः इथला, आणि वापरताना जपायचं तेही इथेच.

विकत घेताना तीन मापं हातात असू द्या. पहिलं नटचं. आर-२ ची रुंदी सुमारे ४१.३ मिमी, आर-३ ची सुमारे ४२.९ मिमी. नेकची रुंदी व्हर्नियरने मोजा, अंदाजाने मागवू नका. दुसरं ठोकळ्याची उंची: ३२, ३७ किंवा ४२ मिमी. पातळ बॉडीत ४२ चा ठोकळा मागून बाहेर डोकावतो आणि मागचं झाकण बसत नाही. तिसरं, ब्रिज ज्यांवर टेकतो त्या दोन खांबांमधलं अंतर. ते फ्लॉइडला साधारण ७४.३ मिमी आहे. फेंडरच्या दोन खांबांच्या ब्रिजला ते ५६ मिमीच्या आसपास असतं, त्यामुळे जुनी भोकं कामाला येत नाहीत, भरून नवी पाडावी लागतात.

आता खणण्याबद्दल. बडोद्यात लाकडावर उत्तम हात बसलेले सुतार भरपूर आहेत आणि लॅमिनेट कापायचा ट्रिमर प्रत्येकाकडे असतो. पण फर्निचरमध्ये अर्धा मिलिमीटर चालून जातो, इथे चालत नाही. ॲक्रिलिक किंवा एमडीएफचं टेम्पलेट कंपनीच्या मापाच्या नकाशावरून कापून घ्या, नेकच्या मध्यरेषेवर दोरा ताणून ते बसवा, आणि एका वेळी ३-४ मिमीपेक्षा खोल खणू देऊ नका. एका दमात खोल गेलं की बासवुडसारख्या मऊ लाकडाचे काठ फाटतात, रंगाचे टवके उडतात. खांबांची भोकं ड्रिल प्रेसवरच पाडा. हातातल्या ड्रिलने ती तिरकी जातात आणि नंतर कुठल्याच स्प्रिंगने ते भरून निघत नाही. दांडी वरही ओढायची असेल तर ब्रिजच्या मागे बॉडीत खोलगट जागा हवी. नसेल तर ब्रिज फक्त खाली जाणारा ठेवा. बऱ्याच वादकांना तेवढं पुरतं.

नटसाठी नेकवर एक पायरी कापावी लागते. लॉकिंग नट जुन्या नटपेक्षा लांबीला बराच मोठा आहे, पण त्याची फ्रेटबोर्डकडची (बोटं दाबतात त्या पट्टीकडची) कड जुन्या नटच्या पुढच्या कडेवरच यायला हवी. जास्तीचं लाकूड डोक्याच्या बाजूने काढायचं. इथे चूक झाली तर पहिल्या चार फ्रेटवर सूर कायमचा बेसुरा राहतो आणि सॅडल कितीही सरकवले तरी जुळत नाही. उंची पितळी शिमने (पातळ पत्र्याने) साधा: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागदाइतकी, म्हणजे ०.१ ते ०.२ मिमी फट दिसावी. डोकं सरळ असेल, स्ट्रॅटसारखं, तर नटमागची तार दाबणारी पट्टी लावाच. ती नसेल तर नट आवळताना तारा खाली ओढल्या जातात आणि सगळे सूर चढतात.

सेटअपचा क्रम हा या ब्रिजचा खरा गाभा. आधी ट्रस रॉड (नेकचा वाक सुधारणारी आतली सळई), मग तारा, मग ब्रिजची पातळी, मग उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळावा म्हणून सॅडलची जागा), आणि नट सर्वांत शेवटी. ९-४२ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात) सहा तारा २५.५ इंचांच्या नेकवर मिळून सुमारे ३८ किलो ताण देतात, १०-४६ च्या सुमारे ४७ किलो. हा सगळा ताण मागच्या स्प्रिंगांनी तोलून धरायचा असतो. ९ ला तीन स्प्रिंग, १० ला चार धरून सुरुवात करा. एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात, म्हणून नवखा माणूस तासभर खुंट्या पिळत बसतो.

ते टाळायचा उपाय साधा आहे. मागचं झाकण काढा. ठोकळा आणि पोकळीची शेपटाकडची भिंत यांच्यामध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून इतक्या भरा, की वरून पाहिल्यावर ब्रिजची पट्टी बॉडीला समांतर दिसेल. आता ब्रिज हलत नाही, तारा साध्या गिटारसारख्या सुरात लावा. प्रत्येक तार बोटाने वर ओढून ताणून घ्या, पुन्हा लावा, असं चार-पाच वेळा. मग क्लॉचे, म्हणजे स्प्रिंगांची दुसरी टोकं अडकवलेल्या पट्टीचे, दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. ज्या क्षणी काड्या सैल होऊन बोटाने अलगद सुटतात, तिथे तोल जुळला. त्यानंतर थोडी फिरवाफिरवी लागते, पण ती पाच मिनिटांची. काड्या काढल्यावर ब्रिजचं शेपूट वर उचललं असेल तर क्लॉ आणखी आवळा, बॉडीत बुडलं असेल तर सैल करा.

खांबांची उंची ताणाखाली कधीही फिरवू नका. ब्रिज दोन सुरीसारख्या धारांवर उभा असतो. ३८ किलोच्या ताणात खांब फिरवला की धार खरवडते, आणि एकदा ती बोथट झाली की ब्रिज मूळ जागी परत येत नाही. तारा उतरवा, खांब फिरवा, पुन्हा लावा. कंटाळवाणं आहे, पण ब्रिजचं आयुष्य याच सवयीवर अवलंबून आहे. धारेवर व्हॅसलिनचा बारीक थर पुरतो.

इंटोनेशनसाठी साध्या ब्रिजसारखा मागचा स्क्रू नाही. तार सैल करायची, सॅडलपुढचा स्क्रू २.५ मिमी ॲलन कीने ढिला करायचा, सॅडल हाताने सरकवायचं, आवळायचं, पुन्हा सूर लावायचा. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर चढत असेल तर सॅडल मागे, उतरत असेल तर पुढे. सॅडलची रांग ठरावीक गोलाईची आहे. फेंडरच्या ९.५ इंची गोलाईच्या बोर्डला ती निभते, १४-१६ इंचांच्या सपाट बोर्डवर कडेच्या सॅडलखाली शिम घालून जुळवावी लागते.

तार आवळायला ३ मिमी की. बॉल (तारेच्या टोकाची गोल कडी) कापून टाकलेली तार सॅडल आणि त्यातला छोटा ठोकळा यांच्या फटीत सरळ गेली पाहिजे. स्पेशलच्या बाबतीत इथे हात आवरा. स्क्रू टेकल्यावर पाव फेरा पुरे. झिंकच्या सॅडलवर जोर लावला की ते तडकतं, आणि तार दाबणाऱ्या ठोकळ्यावर खाच पडून पुढची तार त्यातून सटकते.

सूर टिकत नसेल तर आधी बघा, एकच तार बिघडते की सगळ्या. दांडी दाबून सोडल्यावर सहाही तारा सारख्याच चढ्या किंवा उतरत्या परत आल्या, तर दोष धारेत किंवा खांबात आहे. खांबाला पट्टी लावून दांडी दाबा. खांब पुढे झुकताना दिसला तर बुशिंग (खांब ज्यात बसतो ते लाकडातलं धातूचं नळकांडं) सैल आहे. तेव्हा ते काढून भोकात बीचवुडचा गोल दांडा चिकटवा आणि नव्याने पाडा. सागवान टाळा, त्यातल्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. एकच तार उतरत असेल तर नटच्या कडेला तारेवर पेनाने बारीक खूण करा. दांडी दाबल्यावर खूण सरकली तर नट सैल, जागीच राहिली तर सॅडल.

बडोद्यात मेमधून जुलैत जाताना हवा पार बदलते, नेक ओलावा घेते आणि वाकते. नट आवळलेला असताना हा फरक फाइन ट्यूनर थोडाच भरून काढतात. पावसाळा लागला की नट सोडा, ट्रस रॉड बघा, फाइन ट्यूनर मध्यावर आणा, सूर लावा आणि मगच नट आवळा. स्क्रूंवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब टाका, घामाने आणि दमट हवेने ते गंजून जाम होतात.

नवरात्रात गरब्याच्या मंचावर वाजवणाऱ्यांनी तरंगता, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे हलणारा ब्रिज नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात आणि समोर मैदान भरलेलं असताना गाणं थांबवता येत नाही. त्याऐवजी ठोकळा आणि नेककडची भिंत यांच्यामध्ये मापाचा लाकडी तुकडा घट्ट बसवा, क्लॉ एक-दोन फेरे जास्त आवळा. ब्रिज फक्त खाली जाईल, तार तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतील, आणि एक तार वाकवताना दुसऱ्या उतरणार नाहीत. पिशवीत ३ आणि २.५ मिमीच्या ॲलन की, तार कापायची पक्कड आणि बॉल आधीच कापून ठेवलेल्या पहिल्या दोन तारांचे दोन-दोन तुकडे असू द्यावेत.