शिळ्या भाकरीसाठी घेतलेली लोखंडी कढई

लातूरच्या गंजगोलाईत, जिथे 16 रस्ते एकत्र येतात, तिथल्या एका दुकानातून गेल्या वर्षी जाड बुडाची लोखंडी कढई घेतली, ती मुख्यतः उरलेल्या अन्नासाठीच. ज्वारीची शिळी भाकरी बारीक कुस्करून, तिच्यावर पाण्याचा हबका मारून, लसूण, शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत मंद आचेवर परतली की कडेला खरपूस पापुद्रा धरतो. पातळ कढईत तोच कुस्करा खाली करपतो आणि वर कोरडा राहतो. उरलेल्या भातात ज्वारीचे पीठ, बेसन आणि कांदा कालवून लावलेले थालीपीठही हिच्यात सुरेख होते. मात्र भात रात्रीच फ्रिजमध्ये ठेवलेला हवा, कारण बाहेर राहिलेल्या भातात जिवाणूंमुळे तयार होणारे विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

चिंच घातलेल्या वरणात कणकेची फळे सोडायची असतील, तर स्टीलचे पातेलेच घ्यावे. लोखंडात आंबट पदार्थ काळपटतो आणि त्याला धातूची चव येते. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात लावावा लागतो, हे दुकानदाराने सांगायला हवे होते. पहिल्याच आठवड्यात गंज चढला, तेव्हा फार वाईट वाटले. वजनही बरेच आहे. सासूबाईंना ती भरलेली उचलवत नाही.